लोणावळा-ताम्हिणी सोडून: पुण्याच्या पूर्वेला एका दिवसात काय बघता येईल?

दुपारचा_चहा

मागच्या रविवारी जे झालं त्यानंतर हा धागा काढल्याशिवाय राहवलं नाही. घरी पाहुणे, बाहेर मस्त भुरभुर, मग ठरल्याप्रमाणे "चला की घाटात". सकाळी साडेसातला हडपसरहून निघालो, साडेअकराला गाडी जिथे उभी होती तिथून धबधबा दोन किलोमीटर लांब होता आणि पुढचा टेम्पो ट्रॅव्हलर अर्ध्या तासात तेवढाच सरकला होता जेवढा आमच्या पाहुण्यांचा पेशन्स. शेवटी गाडीतच डबा खाल्ला, एक कणीस साठ रुपयांना घेतलं, आणि यू टर्न. पोरगी म्हणाली "बाबा, आपण ट्रॅफिक बघायला आलो होतो का?"

मंगळवारी कॉम्प ऑफ होता. वैतागून उलट्या दिशेला निघालो, म्हणजे सोलापूर रोड. यवतच्या पुढून उजवीकडे वळून भुलेश्वर. हडपसरला राहून अकरा वर्षं झाली आणि घरापासून तासाभरावर असलेली ही टेकडी मी फक्त हायवेवरून "ते काय दिसतंय वर" एवढीच पाहिलेली. लाज वाटली जरा.

बाहेरून ते देऊळ वाटतच नाही. वर चुन्याचे पांढरे घुमट, कोपऱ्यात मिनारासारखं काहीतरी, एखादी गढी असावी असं. आत शिरलं की समोर सरळ भिंत, गाभारा कुठेय कळतच नाही, बाजूला अरुंद अंधारे जिने, आणि वर आलो की एकदम काळ्या दगडाचा नंदी समोर. आणि मग जे कोरीवकाम सुरू होतं ना, हत्ती, सुरसुंदरी, महाभारतातले प्रसंग, बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेत पण तरी बघत राहावं असं. गुरवांनी वर बोट दाखवून स्त्रीरूपातला गणपती दाखवला, साडीतला म्हणा ना, पायाशी उंदीर. आईने तर तिथेच हात जोडून "हे मी बासष्ट वर्षांत पहिल्यांदा बघतेय" म्हणून टाकलं. आम्ही सोडून त्या वेळी एकूण माणसं सात. मोजली.

तर प्रश्न असा की या बाजूला अजून काय काय आहे? अटी: शंभर किलोमीटरच्या आसपास, अंधाराच्या आत घरी, सोबत सात वर्षांची मुलगी आणि आईचे गुडघे. रिसॉर्ट, रेन डान्स, ॲग्रो टुरिझममधलं बैलगाडीत बसवून फोटो काढणं वगैरे नको.

खारे_शेंगदाणे

भारी धागा. वाखु (वाचनखूण) साठवली. तुम्हाला जी गढी वाटली तो खरंच किल्ला होता बरं का. दौलतमंगळ. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला, आणि त्यानंतर कारभारासाठी इथे किल्ला बांधला. बुरूज शिल्लक आहेत अजून, पार्किंगला येताना लागतात. देऊळ त्याच्या आधीचं, यादवकाळातलं मानतात.

एक सूचना, श्रावणातल्या सोमवारी चुकूनही जाऊ नका. सातच्या जागी सात हजार माणसं असतील.

एसटीवाला

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी लिहितो कारण अशा धाग्यांवर सगळे "हायवेवरून लेफ्ट मारा" पासूनच सुरुवात करतात.

पुणे-दौंड लोकल यवतला थांबते. पुढे भुलेश्वर पायथ्यापर्यंत वडाप (शेअर जीप) मिळालं तर मिळालं, नाहीतर रिक्षा ठरवायची, परतीचं आधीच बोलून ठेवायचं. ते न बोलल्यामुळे मी एकदा पेरूच्या ट्रॅक्टरवर बसून यवतला आलोय. तक्रार नाही, पेरू खात आलो.

पण माझी खरी शिफारस दुसरीच आहे. पुणे-सातारा रेल्वे. लोक मुंबई-पुणे घाटाचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे, पण फुरसुंगी, आळंदी सोडलं की शिंदवणेचा घाट सुरू होतो आणि गाडी अशी वळत वळत चढते की आपलंच इंजिन आपल्याला खिडकीतून दिसतं. (ही आळंदी म्हणजे चोराची, माउलींची नव्हे. दरवेळी कोणीतरी चुकतं.) मग आंबळे, राजेवाडी, जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा. या स्टेशनांवर उतरणारी माणसं म्हणजे चार विद्यार्थी, एक दूधवाला आणि कोंबडीची पिशवी घेतलेल्या एक आजी. पुढे लोणंद ओलांडून गेलात तर सालपे-आदर्कीचा दुसरा घाट, बोगदे वगैरे. सकाळच्या गाडीने जायचं, मध्ये कुठेतरी उतरायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. पॅसेंजरचं तिकीट एका कटिंग आणि वडापावच्या हिशोबात बसतं. टाइमटेबल मात्र निघायच्या आदल्या दिवशी बघा, बदलत असतं.

जेजुरीला उतरलात तर गडावर न जाता कडेपठारला जा. तेच खंडोबाचं मूळ ठिकाण मानतात. चढ जास्त आहे म्हणून गर्दी कमी आहे, सरळ हिशोब. वरून खाली गड आणि भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्या दिसतात, एका बाजूला तळी. आईंना मात्र नाही जमणार.

दुपारचा_चहा

@एसटीवाला रेल्वेचं डोक्यातच आलं नव्हतं! पोरीला इंजिन दिसणार म्हटल्यावर ती आत्ताच तयार झाली.

सोनोरीकर

आमच्या बाजूचा विषय निघालाय म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसता वाचक.

मल्हारगड कोणी लिहिला नाही अजून? महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला. १७५७ ते १७६० च्या दरम्यान पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी बांधला, दिवे घाटावर नजर ठेवायला. म्हणजे बघा, किल्ला बांधून पूर्ण झाला आणि पुढच्या वर्षी पानिपत झालं. लढाईबिढाई फारशी त्याच्या नशिबात आलीच नाही. छोटासा आहे, तिकोनी, आत बालेकिल्ल्यात दोन देवळं, एक खंडोबाचं एक महादेवाचं. पाऊण तासात वर, सोनोरी गावातून गेलात तर वाट सोपी, गाडी बरीच वरपर्यंत जाते. झेंडेवाडीकडून आलात तर चोरदरवाजातून आत शिरता, तरुण पोरांनी तसं यावं. गावात पानश्यांची गढी आहे, ती बघितल्याशिवाय जाऊ नका, लोक किल्ला करतात, सेल्फी काढतात आणि गढीच्या दारावरून निघून जातात.

येताना दिवे घाटाच्या पायथ्याशी वडकीला मस्तानी तलाव. पावसाळ्यानंतर भरलेला असतो. तलावात उतरू नका, दरवर्षी कोणीतरी बुडतं आणि मग आमच्या गावची पोरं रात्री टॉर्च घेऊन शोधत बसतात.

महिना कुठला विचाराल तर सप्टेंबर ते जानेवारी. सप्टेंबरात पुरंदरचा वाटाणा आणि सीताफळ दोन्ही बाजारात असतं, सासवडच्या बाजारात सकाळी जाऊन पाटी घ्या, रस्त्यावर "फ्रेश फ्रॉम फार्म" लिहिलेल्या टपरीवर दुप्पट पैसे देऊ नका. अंजीर मात्र त्यानंतर.

फुलपाखरू७७

सोनोरीकर, किल्ल्यावर प्री-वेडिंग शूटवाले असतात का? मागच्या वर्षी गेलो तेव्हा बुरुजावर एक नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये आणि तिच्या मागे धूर सोडणारं मशीन. मावळे काय म्हणाले असते कोण जाणे.

सोनोरीकर

असतात. धुराच्या नळकांड्या तिथेच टाकून जातात. आम्ही पोरांनी मिळून दोन पोती गोळा केली होती दिवाळीत.

मौनीबाबा

मी जरा वाईट बोलणार आहे. अशा याद्या टाकूच नयेत असं माझं मत. दहा वर्षांपूर्वी अशाच एका धाग्यावर कोणीतरी मुळशीच्या आतल्या एका धबधब्याबद्दल लिहिलं, "कोणाला माहीत नसलेलं ठिकाण". आज तिथे पार्किंगला शंभर रुपये आणि खाली बाटल्यांचा खच. सात माणसं होती तेच त्या जागेचं सौंदर्य होतं ना? मग सात हजार कशाला बोलावता?

दुपारचा_चहा

मुद्दा पटतो हो, पण मग मी तिथे गेलो ते तरी कसं बरोबर? मलाही कोणी सांगितलं नसतं तर मी घाटातच अडकलो असतो. "मी बघितलं, आता दार लावा" हे मला नाही जमत.

सोनोरीकर

मौनीबाबा, तुमचा राग समजतो, पण गावात राहणाऱ्याकडून पण ऐका. आमच्याकडे पाऊस नाही. घाटातल्या लोकांकडे निदान धबधबा आहे. आमच्या पोरांनी शेंगा, ताक, भाकरी विकली रविवारी तर वाईट काय आहे? गर्दी नको असते ती गाड्यांमधून डबे, पाणी, बिअर सगळं घरून आणून फक्त कचरा इथे सोडणारी. जो माणूस थांबून विचारतो "मावशी जेवायला मिळेल का", तो कितीही वेळा येऊ दे.

आणि दुसरी गोष्ट. तालुक्यातल्या सात गावांवर विमानतळ यायचाय. खानवडी त्यात आहे, महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. पारगाव, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी. लोकांनी विरोध केला, मोर्चे निघाले, पुढे काय होईल ते होईल. पण तुम्ही इथे "कोणाला सांगू नये" म्हणून जपताय ती जागा दहा वर्षांनी असेलच असं नाही. मला तर वाटतं चार लोकांनी येऊन ते माळ, ती सीताफळाची बांधं डोळ्यांनी बघून जावीत.

मौनीबाबा

हे माहीत नव्हतं असं नाही पण असा विचार केला नव्हता. बरं.

माळावरची

इथे एक गोष्ट सुटतेय. सगळे देऊळ, किल्ला, तलाव लिहितायत. या बाजूचं खरं सौंदर्य माळरान आहे, आणि ते बघायला डोळ्यांना थोडी सवय लागते कारण आपण "सीनरी" म्हणजे हिरवं आणि ओलं असंच शिकलोय. शाळेच्या चित्रात दोन डोंगर, मधून सूर्य, नदी. माळ कोणी काढतच नाही.

मी सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात बरेचदा जाते. जेमतेम पाच चौरस किलोमीटर. मोरगावच्या मयूरेश्वरावरून नाव. १९९७ साली चिंकाऱ्यांसाठी जाहीर झालं. सकाळी गेटवर पोचायचं, हिवाळ्यात गवत पिवळं झालेलं असतं, गुडघ्याएवढं, त्यावर दव, आणि उन्हाची पहिली तिरीप आली की सगळं असं पेटल्यासारखं दिसतं. चिंकारा हरणाएवढं मोठं नाही, शेळीपेक्षा थोडं उंच म्हणा, उभं राहिलं तर दिसतच नाही, शेपटी हलते तेव्हा कळतं. खोकड दिसलं तर नशीब. धाविक पक्षी पळतो पळतो आणि थांबतो, पुन्हा पळतो, माझा भाचा त्याला "स्टॅच्यू खेळणारा पक्षी" म्हणतो. तितर ऐकू येतात, दिसत नाहीत.

मला राग एकाच गोष्टीचा येतो. माळ म्हणजे पडीक, म्हणजे काही नसलेली जागा, म्हणून झाडं लावा. कुठल्यातरी वर्धापनदिनानिमित्त पाचशे लोक टीशर्ट घालून येतात आणि उंदीरमारी लावून जातात. ते झाड वाढतं पटापट, फोटोत हिरवं दिसतं, खाली गवत मरतं. गवत मेलं की चिंकारा काय खाणार, आणि लांडगा कोणावर जगणार, मग तो मेंढ्यांकडे वळतो आणि धनगराचं नुकसान. झाड लावणं नेहमी पुण्याचं काम नसतं हे कोणाला समजावून सांगायला गेलं की लोक असे बघतात की मी आईला शिवी दिली.

गाडीतूनच बघायचं असेल तर वनखात्याने इंदापुरातल्या कडबनवाडीला आणि बारामतीतल्या शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केलीय, ऑनलाइन बुकिंग होतं, स्थानिक गाईड असतो. गाईड घ्याच, लांडगा आपल्याला ढेकूळ वाटतो आणि त्याला लगेच दिसतो.

आईंसाठी पण हे बरं, चढ नाही. टोपी, पाणी, आणि मातकट रंगाचे कपडे. लाल जर्किन घालून आलात तर पक्षी तुम्हाला बघतील, तुम्ही त्यांना नाही.

खारे_शेंगदाणे

काय लिहिलंय माळावरची! स्वतंत्र लेख टाका यावर. सुप्याला गेलात तर परतीच्या वाटेवर लोणी भापकर जोडता येईल. मल्लिकार्जुनाचं देऊळ, समोर देखणी पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती. अंगभर नक्षी कोरलेला दगडी वराह. गावातल्या लोकांना विचारलं की पोरं सोबत येतात दाखवायला. कऱ्हाकाठचं पांडेश्वर पण त्याच बाजूला.

नाशिकची_मिसळ

पुणेकरांनो, अवांतर आहे पण आमच्याकडचं पण लिहा की कोणीतरी. त्र्यंबक आणि वाइनरी सोडून. मी सुरुवात करते, सिन्नरचं गोंदेश्वर. पंचायतन देऊळ आहे, मधलं मोठं आणि कोपऱ्यात चार छोटी, सगळं एका चौथऱ्यावर. शिर्डीला जाणाऱ्या हजारो गाड्या सिन्नरवरून जातात आणि दोन मिनिटं आत वळत नाहीत.

एसटीवाला

@नाशिकची_मिसळ वेगळा धागा काढा, तिथे भरभरून लिहितो. इथे मिसळीवरून पुणे-नाशिक सुरू झालं तर धागा गेला.

खडकशास्त्री

उशिरा आलोय, पण माझ्याकडे एका दिवसाचा पूर्ण प्लॅन आहे. शिकवायचो तेव्हा पोरांना बसने घेऊन जायचो. विषय दगडांचा, पण कंटाळवाणा नाही, शपथ.

निघायचं पुणे-नाशिक रस्त्याने. नारायणगावच्या अलीकडे-पलीकडे शेतांमधून मोठाल्या जाळीच्या तबकड्या दिसायला लागतात, द्राक्षाच्या बागेच्या मागे अचानक ४५ मीटर व्यासाची तबकडी. ती खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, अशा ३० आहेत, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. रोज कोणालाही आत सोडत नाहीत, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मात्र जत्राच असते, शाळांची पोरं प्रयोग मांडतात. तुमच्या मुलीला त्या दिवशी न्या, गर्दी असली तरी ही गर्दी चांगली. तिथे मोबाईल बंद ठेवायला सांगतात, दुर्बिणीला त्रास होतो म्हणून, ते ऐका.

तिथून बोरी बुद्रुक. कुकडी नदीच्या काठावर मातीच्या थरात एक पांढुरका थर दिसतो, हातात घेतलं तर भांडी घासायच्या पावडरीसारखा बारीक, किंचित खरखरीत. ती ज्वालामुखीची राख आहे. आपल्या सह्याद्रीचा ज्वालामुखी नव्हे, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख आली सुमात्रा बेटावरून, टोबा ज्वालामुखीची. डोळे मिटून नकाशा आठवा, सुमात्रा कुठे आणि जुन्नर तालुका कुठे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे बरंच काम केलं, राखेसोबत अश्मयुगीन दगडी हत्यारं, हातकुऱ्हाडी सापडल्या. मग वाद सुरू झाला की ही राख साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीच्या टोबाच्या मोठ्या उद्रेकाची की त्याच्या खूप आधीच्या. कारण त्यावर त्या हत्यारांचं वय ठरतं ना. मी स्वतः जुन्या तारखेच्या बाजूचा, पण माझा एक जिवलग मित्र दुसऱ्या बाजूचा आहे आणि आम्ही यावरून बोरीच्या नदीकाठीच एकदा दोन तास भांडलोय, बसचा ड्रायव्हर झोपून गेला. राख पिशवीत भरून नेऊ नका, प्रत्येकाने मूठभर नेली तर काय उरणार.

मग आळे. इथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, ज्याने वेद म्हटले तो. आणि आळेफाट्याला मासवडी. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, यात मासा फक्त आकाराला. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण, वड्या कापून झणझणीत रश्श्यात. बाजरीच्या भाकरीशिवाय खाल्ली तर ती मासवडी धरत नाहीत.

जेवण झालं की नगर-कल्याण रस्त्याने बेल्ह्याच्या पुढे गुळुंचवाडी, आणे घाटाच्या अलीकडे. मळगंगेच्या देवळापाशी नैसर्गिक पूल आहे. ओढ्याने खालचा ठिसूळ खडक पोखरून नेला, वरचा टणक राहिला, कमान तयार झाली. रस्त्यावरून जाताना पत्तासुद्धा लागत नाही. आई देवळापाशी सावलीत बसू शकतात, तुम्ही खाली उतरून बघा.

निघोजचे रांजणखळगे हा खरं तर वेगळा दिवस, शिरूर-टाकळी हाजीवरून. तीच कुकडी नदी पुढे जाऊन काळ्या बेसॉल्टमध्ये अशी काही घुसलीय की बघत राहावं. भोवऱ्यात सापडलेले गोटे शेकडो, हजारो वर्षं गोल गोल फिरत राहिले आणि त्यांनी खडकात रांजण कोरले. काही तर घरातल्या पाण्याच्या टाकीएवढे. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे नगर, दोन्ही काठांवर मळगंगा, मध्ये झुलता पूल. पावसाळ्यात जाऊ नका, खळगे पाण्याखाली असतात, काहीच दिसत नाही. दिवाळीनंतर जा. आणि तेव्हाही खळग्यांच्या काठावर शेवाळ असतं, कडा गुळगुळीत, आत पडलेला माणूस वर येत नाही. वरच्या धरणातून आवर्तन सोडलं की पाणी बघता बघता चढतं, म्हणून आधी गावात विचारायचं. मुलीचा हात सोडू नका. मास्तर होतो म्हणून दरडावून सांगतोय.

फुलपाखरू७७

सर, मी भूगोलात नापास झाले होते, तुम्ही असता तर नसते झाले.

खारे_शेंगदाणे

एक महत्त्वाचं. जुन्नर, शिरूर, पारनेर हा सगळा बिबट्यांचा पट्टा आहे. उसात राहतात, तिथेच वाढतात. घाबरवत नाही, पण दिवस मावळायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा, उसाच्या कडेला लहान मुलांना एकटं सोडू नका आणि शू करायला उसात शिरू नका. हे शेवटचं शहरातली माणसं हमखास करतात.

गोगलगाय

थोडं दक्षिणेला चालेल का? लिंबची बारा मोटेची विहीर. साताऱ्याच्या अलीकडे नागेवाडीवरून आत. १७१९ ते १७२४ मध्ये शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली असं तिथे शिलालेखात आहे. विहीर कसली, जमिनीखालचा वाडा. अष्टकोनी, पायऱ्या उतरून आत दालन, वरून बारा मोटा चालायच्या. भर मेच्या उन्हात आत गार. रील्समुळे हल्ली माणसं वाढलीत, पण सकाळी नऊच्या आत रिकामी मिळते.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे आभार. प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. पावसाळाभर रेल्वे आणि मल्हारगड, खडकांचं दिवाळीनंतर.

---

दुपारचा_चहा (डिसेंबर)

धागा वर काढतोय. हिशोब द्यायला हवा ना.

रेल्वे झाली. पोरीला शिंदवण्याच्या वळणावर इंजिन दिसलं, तिने इतक्या जोरात ओरडून सांगितलं की समोरचे झोपलेले काका उठून बसले आणि मग ते पण खिडकीशी आले. वाल्ह्याला उतरलो. काहीच केलं नाही खरं सांगायचं तर. स्टेशनबाहेर लिंबाच्या झाडाखाली चहा, मग गावातून शेताच्या बांधाने दीड-दोन तास चालणं, कांद्याची लागवड चालू होती, बायकांनी पोरीला रोपं लावायला दिली, तिने एक सरी वाकडी लावली ती त्यांनी तशीच ठेवली. परतीच्या गाडीत आई म्हणाली की तिच्या लहानपणी आजोळी असंच जायचे, ठिकाण बघायला नाही, नुसतं जायला.

मल्हारगडावर सोनोरीच्या बाजूने आई गेली! अर्ध्यापर्यंत गाडी, पुढे काठी, मध्ये तीनदा बसली, पण खंडोबाला जाऊन हात टेकवलेच. गढी पण बघितली. गावात पिठलं-भाकरी मिळाली, सोनोरीकर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आवर्जून विचारलं "मावशी मिळेल का". मावशी म्हणाल्या "फोन करून यायचं होतं की", पण अर्ध्या तासात ताट समोर.

परवा बोरी-आळे-गुळुंचवाडी. इथे थोडा घोटाळा. मोबाईलच्या नकाशाने बोरीला जाताना अशा रस्त्यावर घातलं की दोन्हीकडे ऊस आणि समोर ट्रॅक्टर, त्यात मागचं चाक पंक्चर. बिबट्यावरचा प्रतिसाद बायकोने तेव्हाच मोठ्याने वाचून दाखवला. ट्रॅक्टरवाल्यानेच स्टेपनी बदलून दिली, पैसे घेईना, शेवटी मुलीच्या हातून बिस्किटचा पुडा दिला. त्याला विचारलं राख कुठेय, तर म्हणाला "कुणाची?" दोन मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मग हसत हसत त्यानेच नदीकाठी नेलं, "ते कॉलेजवाले येतात ते होय".

थर बघितला. बोटाला लावून बघितली, खरंच भांड्याच्या पावडरीसारखी. मुलीने विचारलं ही इतक्या लांबून कशी आली, म्हटलं उडत. "एवढं उडून आली आणि मग इथेच का थांबली?" खडकशास्त्री सर, हे उत्तर तुमच्याकडे.

खडकशास्त्री

तुमच्या मुलीला सांगा, बाकीकडेही पडली होती, पण पावसाने धुऊन नेली. इथे नदीने लगेच वर गाळ टाकून झाकून ठेवली म्हणून राहिली. पुढच्या वेळी तिच्यासाठी भिंग घेऊन जा, राखेत काचेचे बारीक तुकडे चमकतात.

आणि मासवडीचं काय झालं ते लिहिलंच नाहीत.

दुपारचा_चहा

पंक्चरमुळे पोचायला अडीच वाजले. संपली होती. रविवारी किती वाजेपर्यंत मिळते?

एसटीवाला

रविवारी एकच्या आत पोचा. नाहीतर गाडीतूनच फोन करून दोन ताटं बाजूला ठेवायला सांगायची, ठेवतात.